रात्रीची पाळी कोणाची?

शेतीपंपांना रात्री वीज का देतात, असं विचारलं तर बहुतेक जण सांगतात, "विजेचा तुटवडा आहे म्हणून." तुटवड्याच्या वर्षांत ते काही अंशी खरंही होतं. पण मुळातलं कारण उलटं आहे: रात्री वीज उरते. कचेऱ्या आणि दुकानं बंद होतात, शहरं झोपतात, मागणी उतरते. कोळशावर चालणारे वीजनिर्मितीचे संच मात्र तेवढ्यासाठी विझवता येत नाहीत. त्यांची उरलेली वीज वापरायला कोणीतरी जागं असावं लागतं. कित्येक दशकं हे जागरण आपण शेतकऱ्याच्या माथी मारलं आहे.

जुन्नर-आंबेगावच्या उसात बिबट्या असतो. मराठवाड्यात, विदर्भात अंधारात पाय सापावर पडतो. डिसेंबर-जानेवारीच्या थंडीत गव्हा-हरभऱ्याची दारं धरायला माणूस रात्री एक वाजता ओल्या चिखलात उभा राहतो. 'दिवसा वीज द्या' ही मागणी त्यामुळे जुनी आहे आणि तिच्याविषयी सहानुभूती न दाखवलेला एकही पक्ष महाराष्ट्रात नाही. पण सहानुभूतीने पाळी बदलत नाही, कारण ती वेळापत्रकाने ठरते. कोणता संच केव्हा किती चालणार आणि त्याच्याशी जुळवून कोण वीज वापरणार, हा निर्णय आपण इंजिनिअरांचा म्हणून सोडून दिला आहे. तो सार्वजनिक न्यायाचा प्रश्न आहे आणि त्याचा निकाल आता नव्याने लावायची वेळ आली आहे, असं माझं ठाम मत आहे.

हे वेळापत्रक बनतं कसं, ते आधी पाहू. नवी मुंबईत ऐरोलीला राज्य भार प्रेषण केंद्र आहे. मोठ्या प्रमाणावर वीज साठवण्याची सोय आजही फारशी नसल्याने, ज्या क्षणी जितकी मागणी तितकीच निर्मिती, हा तोल तिथे चोवीस तास सांभाळावा लागतो. तोल बिघडला की विजेच्या प्रवाहाची वारंवारिता (फ्रिक्वेन्सी) ५० हर्ट्झवरून हलते. ती ४९.९० ते ५०.०५ यांच्यात राहावी, असा देशाच्या ग्रिडचा दंडक आहे. दिवसाचे पंधरा-पंधरा मिनिटांचे ९६ भाग पाडतात. महावितरण आणि मुंबईतल्या वितरण कंपन्या उद्याच्या प्रत्येक भागात किती वीज लागेल, याचा अंदाज आदल्या दिवशी कळवतात. मग त्या मागणीसमोर संच उभे केले जातात. स्वस्त आधी, महाग नंतर. याला मेरिट ऑर्डर म्हणतात.

स्वस्त म्हणजे काय, इथे थोडं थांबायला हवं. वीजखरेदी करारात दोन भाग असतात. स्थिर आकार हा प्रकल्प उभारल्याचा, कर्जाचा, माणसांचा खर्च. संच उपलब्ध असला की, वीज घ्या किंवा घेऊ नका, तो द्यावाच लागतो. दुसरा भाग इंधनाचा. मेरिट ऑर्डर फक्त इंधनाचा भाग बघते. चंद्रपूरचं केंद्र कोळशाच्या खाणींना लागून आहे, त्यामुळे तिथली वीज यादीत वर येते. नाशिकला किंवा परळीला तोच कोळसा शेकडो किलोमीटर रेल्वेने न्यावा लागतो, भाडं चढतं आणि ते संच यादीत खाली सरकतात. मागणी उतरली की आधी त्यांना बॅकडाऊनचा, म्हणजे निर्मिती कमी करण्याचा, आदेश जातो आणि फारच उतरली तर ते दिवसेंदिवस बंद राहतात. "वीज न घेता कोट्यवधी दिले" अशा बातम्या येतात, त्या या बंद संचांच्या स्थिर आकाराच्या. त्यातली सगळीच रक्कम वाया गेलेली नसते. अडीअडचणीला संच तयार ठेवायचा तर त्याची किंमत मोजावी लागते. प्रश्न असतो तो किती संच असे तयार ठेवायचे, हा.

मेरिट ऑर्डर ही चांगली शिस्त आहे. ती नसती तर कोणाचा संच चालवायचा, हे वशिल्याने ठरलं असतं. पण तिला जे खर्च दिसत नाहीत, त्यांचं काय? कोळशाचा संच पूर्ण थंड झाला की पुन्हा सुरू करायला कित्येक तास लागतात. तो वारंवार चढवला-उतरवला तर बॉयलरच्या नळ्या आणि टर्बाइनचं आयुष्य घटतं. म्हणून तो क्षमतेच्या साधारण ५५ टक्क्यांखाली नेत नाहीत. केंद्रीय वीज प्राधिकरणाने २०२३ च्या नियमांत ही मर्यादा टप्प्याटप्प्याने ४० टक्क्यांपर्यंत आणायला सांगितलं आहे. संचाचा हा हट्ट यंत्राचा आहे, त्याला दोष देण्यात अर्थ नाही. पण यंत्र हट्टी असेल तर माणसाला लवचीक व्हावं लागतं. शेतकऱ्याची झोप, त्याला चावलेला साप, रात्री पंपावर गेलेल्या मुलाची चिंता करत बसलेलं घर, यांतलं काहीही कोणत्याच कंपनीच्या बिलात येत नाही. जो खर्च बिलात येत नाही, तो वेळापत्रकात शून्य धरला जातो.

शेतीचा भार, म्हणजे तिथला विजेचा वापर, किती सोयीचा आहे, हे भार प्रेषणाच्या नजरेने पाहिलं की कळतं. गावठाणाचा फीडर (उपकेंद्रातून निघणारी वीजवाहिनी) आणि शेतीचा फीडर वेगळे केले गेल्यापासून गावातले दिवे न घालवता शेताची थ्री फेज, म्हणजे पंपाला लागणारी वीज, बंद-चालू करता येते. एका गटाला आठवड्यातले तीन-चार दिवस दिवसा, उरलेले रात्री. दुसऱ्या गटाला त्याच्या उलट. इतका मोठा भार हव्या त्या वेळी सरकवता येणं ही नियंत्रण कक्षासाठी केवढी मोठी सोय! कारखान्याला अशी पाळी लावली तर तो वीज नियामक आयोगाकडे जाईल. शहरातल्या सोसायटीला लावली तर दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात मथळा येईल.

आणि ही व्यवस्था तांत्रिकदृष्ट्याही काही निर्मळ नाही. रात्री लाईट कधी येईल, याचा भरवसा नसल्याने शेतकरी पंपाला ऑटो स्विच बसवतात. लाईट आली की फीडरवरचे सगळे पंप एकाच क्षणी सुरू होतात, डीपीवर (रोहित्रावर) धक्का बसतो, ती जळते आणि मग आठवडाभर कोणालाच पाणी नाही. पाणी नेमकं किती गेलं, हे बघायला अंधारात कोणी उभं राहत नाही. पंप रात्रभर चालतो, वाफे तुंबतात, विहीर उपसली जाते. रात्रीच्या स्वस्त विजेचा हा हिशेब कोणी मांडला तर ती तितकी स्वस्त उरणार नाही.

जुळवून कोणी घ्यायचं, हे पैशाने कसं ठरतं, ते आपण लोडशेडिंगच्या काळात उघड पाहिलं आहे. २००५ नंतरची काही वर्षं ग्रामीण महाराष्ट्रात दिवसाचे बारा-बारा तास लाईट जात होती. गळती आणि वसुली यांवरून फीडरांचे गट पाडले होते. जिथे वसुली कमी तिथे अंधार जास्त, मग तुम्ही स्वतः बिल वेळेवर भरत असा वा नसा. २००६ मध्ये पुण्याने त्यातून वाट काढली. उद्योगांनी गरजेच्या वेळी आपले स्वतःचे जनरेटर चालवायचे, त्यांची वाचलेली ग्रिडची वीज शहराला द्यायची आणि जादा खर्च पुणेकरांच्या बिलातून वसूल करायचा. कल्पक योजना होती, तिच्यात गैर काही नव्हतं. पण ज्याच्याकडे जादा पैसे आहेत तो वेळापत्रकातून सुटतो आणि ज्याच्याकडे नाहीत त्याच्यावर ते लादलं जातं, हे त्या वेळी सगळ्यांनी निमूट मान्य केलं.

आता परिस्थिती मुळापासून बदलली आहे. रात्रीची वीज सर्वांत स्वस्त, हे गृहीतकच कोसळलं आहे. आज स्वस्त वीज दुपारी असते, कारण ती सूर्याची असते. २०१७ मध्ये मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना सुरू झाली आणि २०२३ मध्ये तिची दुसरी, बरीच मोठी आवृत्ती आली. कल्पना साधी आहे. उपकेंद्राजवळच काही मेगावॅटचा सौर प्रकल्प उभारायचा आणि त्याच्या विजेवर तिथले शेतीचे फीडर दिवसा चालवायचे. ही वीज युनिटला तीन रुपयांच्या आसपास पडते, लांबून आणायची नसल्याने वाटेतली गळती वाचते आणि शेतकऱ्याला आपल्या शेतावर एकेक पॅनेल सांभाळत बसावं लागत नाही. पुण्याच्या प्रयास ऊर्जा गटाने फीडरच सौर करण्याची ही कल्पना वर्षानुवर्षं लावून धरली होती. महाराष्ट्राच्या वीजक्षेत्रात गेल्या वीस वर्षांत झालेलं हे सर्वांत शहाणपणाचं काम आहे, असं मी म्हणेन.

तरीही दोन गोष्टी डोळ्यांत तेल घालून पाहाव्या लागतील. पहिली जमिनीची. अनेक ठिकाणी हे प्रकल्प गायरानावर येत आहेत आणि गायरान म्हणजे गावातल्या भूमिहीनाची शेळी चरण्याची जागा. एका गरिबाची रात्र वाचवायला दुसऱ्याचं कुरण घेतलं तर न्याय झाला असं कोणी म्हणणार नाही. दुसरी गोष्ट गतीची. सौर प्रकल्प तयार व्हायच्या आत घोषणेच्या घाईने फीडर दिवसावर आणले तर दिवसाचा भार फुगतो, महाग वीज बाजारातून घ्यावी लागते आणि वर्षभरात कोणीतरी म्हणतं, "परवडत नाही, पुन्हा रात्री द्या." फीडर दिवसावर आणणं आणि त्याच्यामागचा प्रकल्प या दोन्ही गोष्टी जोडीनेच आल्या पाहिजेत.

समजा, हे सगळं नीट झालं. मग संध्याकाळचा प्रश्न उघडा पडतो. पाच-साडेपाचला सूर्य ओसरतो, सौरवीज तासा-दोन तासांत शून्यावर येते आणि नेमकं तेव्हाच घरोघरी दिवे, टीव्ही, पंखे, एसी सुरू होतात. राज्याची कमाल मागणी आता ३०,००० मेगावॅटच्या घरात गेली आहे. देशाची मे २०२४ मध्ये २,५०,००० मेगावॅटला पोहोचली होती. दुपारी ५५ टक्क्यांवर दाबून ठेवलेले कोळशाचे संच संध्याकाळी झपाट्याने वर चढवावे लागतात आणि ते झपाट्याने चढत नाहीत. इथे पुन्हा तोच प्रश्न येतो: जुळवून कोणी घ्यायचं?

पहिला आधार पाण्याचा. कोयना जलविद्युत प्रकल्पाची एकूण क्षमता १,९६० मेगावॅट आहे आणि जलविद्युत संच काही मिनिटांत शून्यावरून पूर्ण भाराला येतो. हे काम पाणी किती चपळाईने करतं, याचा देशाने पाहिलेला पुरावा ५ एप्रिल २०२० चा आहे. त्या रात्री नऊ वाजता नऊ मिनिटं दिवे मालवण्याचं आवाहन होतं. देशाची मागणी काही मिनिटांत सुमारे ३१,००० मेगावॅटने कोसळली. अंदाज याच्या निम्म्याहूनही कमी घसरणीचा होता. भार प्रेषकांनी त्याआधी ठरवून जलविद्युत चढवून ठेवली होती. पावणेनऊ ते नऊ-दहा या वेळात त्यांनी ती सुमारे २५,५०० मेगावॅटवरून ८,००० वर आणली आणि दिवे लागताच पुन्हा वर नेली. ग्रिड पडलं नाही. तयारीला दोनच दिवस मिळाले होते. इतकी कसबी माणसं आपल्याकडे आहेत. त्यांना कोणती उद्दिष्टं द्यायची, हे मात्र ती ठरवत नाहीत, आपण ठरवतो.

पण कोयनेचं पाणी मोजकं आहे. कृष्णा पाणी तंटा लवादाच्या निवाड्याप्रमाणे वीजनिर्मितीसाठी पश्चिमेकडे वर्षाला ६७.५ टीएमसी (अब्ज घनफूट) वळवता येतं. कोयनेच्या त्याच शिवसागर जलाशयाकडे उन्हाळ्यात सांगली-साताऱ्याच्या ताकारी, टेंभू, म्हैसाळ या उपसा सिंचन योजनाही डोळे लावून बसलेल्या असतात. इंधनखर्चाच्या यादीत पाणी जवळपास फुकट दिसतं. प्रत्यक्षात मार्चमधल्या संध्याकाळी कोयनेचा एक तास हा राज्याकडचा सर्वांत मोलाचा तास असतो. तो दुपारी, सूर्य तळपत असताना खर्च होऊ नये. पाण्याच्या प्रत्येक तासाला त्या वेळच्या गरजेनुसार किंमत लावून मगच ते यादीत धरावं, अशी मागणी आपण करायला हवी.

दुसरा आधार पाणी उलटं चढवण्याचा. अकोले आणि शहापूर तालुक्यांच्या सीमेवर, सह्याद्रीच्या कड्यावर घाटघरचा २५० मेगावॅटचा उदंचन प्रकल्प २००८ पासून आहे. स्वस्त वेळी खालचं पाणी वर चढवायचं, महाग वेळी ते खाली सोडून वीज करायची. जाऊन-येऊन पाव हिस्सा ऊर्जा खर्च होते, तरी परवडतं. तो बांधला तेव्हा स्वस्त वेळ म्हणजे रात्र होती. आता ती दुपार आहे. सरकारने सह्याद्रीत असे आणखी हजारो मेगावॅटचे प्रकल्प उभारण्याचे करार केले आहेत. त्यांची गरज मी नाकारत नाही. पण ज्या कोयनेने साठ वर्षं राज्याच्या संध्याकाळी उजळल्या, तिथल्या धरणग्रस्तांना पुनर्वसनासाठी अजून आंदोलनं करावी लागतात. हे आधी निस्तरल्याशिवाय घाटातल्या दुसऱ्या गावाकडे जागा मागायचा आपल्याला काय अधिकार?

बॅटऱ्या येत आहेत, स्वस्तही होत आहेत. उपकेंद्रांवर त्या बसवायलाच हव्यात. मात्र नुसती साठवण वाढवत नेणं म्हणजे शहराने आपल्या सवयीत काहीच बदल न करण्याची किंमत सगळ्यांच्या बिलात टाकणं होय.

म्हणून तिसरा आधार आपणच आहोत. जो भार सरकवता येतो तो आधी सरकवू या. आणि सुरुवात सरकारी भारापासून करू या. महापालिकांचे पाणीउपशाचे पंप, नगरपालिकांच्या टाक्या, उपसा सिंचन योजनांचे अजस्त्र पंप हे सगळे दुपारी चालवता येतात, कारण पाणी टाकीत किंवा कालव्यात साठतं. म्हैसाळ योजनेसाठी सौरऊर्जेचा प्रकल्प हाती घेतला गेला, हे योग्यच झालं. तेच बाकीच्यांनाही लागू व्हावं. त्यानंतर शीतगृहं, मॉल, इलेक्ट्रिक बसचे डेपो. मग आमच्या-तुमच्या सोसायट्या: गच्चीवरच्या टाकीचा पंप, गाडीचं चार्जिंग, वॉशिंग मशीन. यांतल्या कशासाठीही संध्याकाळी सातचा मुहूर्त लागत नाही. शेतकऱ्याने आयुष्यभर जे केलं त्याचा दहावा हिस्साही हे नाही.

यावर हमखास आक्षेप येतो तो दराचा. ग्राहक हक्क नियमांत केंद्राने २०२३ मध्ये दुरुस्ती करून दिवसाच्या वेळेनुसार दर आणले. सूर्याच्या तासांत स्वस्त, संध्याकाळी महाग. लोक म्हणतात, गरिबाने स्वयंपाक दुपारी करायचा का? आठ तास बाहेर राबणाऱ्या बाईने दिवे कधी लावायचे? हा आक्षेप खरा आहे आणि त्याला उडवून लावणाऱ्यांशी मी सहमत नाही. लहान घराचा संध्याकाळचा वापर दिवा-पंख्याचा असतो, तो सरकत नाही. ज्याचा वापर सरकू शकत नाही त्याला दंड करणं म्हणजे शेतकऱ्याशी केलेला अन्याय शहरातल्या गरिबाशी पुन्हा करणं. म्हणून घरगुती ग्राहकांत महिन्याला शंभर युनिटांच्या आतल्यांना दुपारची सवलत द्या, संध्याकाळचा अधिभार लावू नका. तो अधिभार तीन-तीन एसी चालवणाऱ्या घराला, मॉलला, जाहिरातींच्या झगमगत्या फलकांना लावा. स्मार्ट मीटरबद्दलचा लोकांचा संशयही अशा उघड, न्याय्य नियमानेच थोडा निवळेल. जबरदस्तीने मीटर बदलून तो वाढतोच आहे.

दुसरा आक्षेप इंजिनिअर मित्रांचा असतो: सामान्य माणसाने वेळापत्रकात नाक खुपसू नये, ग्रिड पडेल. ९६ भागांपैकी कोणत्या भागात कोणता संच, हे अर्थातच जनमताने ठरवायचं नाही. ३० आणि ३१ जुलै २०१२ ला उत्तर आणि पूर्व भारत अंधारात गेला तो काही राज्यांनी ठरलेल्यापेक्षा जास्त वीज ओढण्याला वेळीच लगाम बसला नाही म्हणूनही. त्या शिस्तीचं मोल मी जाणतो. पण शिस्तीच्या आत प्राधान्यं असतात आणि ती ठरवण्याचा हक्क नागरिकांचा आहे. वारंवारिता सांभाळायची, ते इंजिनिअर बघतील. ती सांभाळताना पहिला हात कोणाच्या स्विचवर जावा, हे आपण सांगायचं.

राज्य भार प्रेषण केंद्र मेरिट ऑर्डरची यादी जाहीर करतं, ही चांगली गोष्ट आहे. ती वाचू शकणारे लोक फार थोडे, हेही खरं. रोज एक पान मराठीत निघायला काय हरकत आहे? काल कोणते संच बंद ठेवले आणि का, कोयनेचं पाणी कोणत्या तासांत वापरलं, किती शेती फीडर रात्रपाळीवर होते, एवढंच त्यावर असावं. तालुक्याच्या वर्तमानपत्रात ते छापून आलं की महिन्याभरात लोक हे प्रश्न स्वतःहून विचारू लागतील.

आणि शेवटची, माझ्या लेखी सर्वांत महत्त्वाची मागणी. दिवसा वीज ही आज योजना आहे. योजना निवडणुकीनंतर मंदावतात. वीज नियामक आयोगाचे सेवेच्या मानकांचे नियम २०२१ पासून लागू आहेत. पुरवठा ठरलेल्या वेळेत सुरळीत केला नाही तर ग्राहकाला भरपाई द्यावी लागते, असं ते सांगतात. ज्या फीडरचा सौर प्रकल्प सुरू झाला आहे, त्याला सकाळी नऊ ते संध्याकाळी पाच या वेळात आठ तास थ्री फेज मिळालीच पाहिजे आणि मिळाली नाही तर भरपाई बिलातून वजा झाली पाहिजे, हे एक कलम त्यात घालावं. दर ठरवताना आयोग जनसुनावणी घेतो. शेतकरी संघटना तिथे दरावर आणि थकबाकीवर तावातावाने बोलतात, ते बोलायलाच हवं. पुढच्या सुनावणीत त्यांनी घड्याळाबद्दलही लेखी हरकत दाखल करावी आणि त्या हरकतीखाली शहरातल्या ग्राहक पंचायतींनीही सह्या कराव्यात.